आधी किंमत, मग लस

2001 सालच्या जून महिन्यात मेनिंजायटिसवरच्या एका नव्या लसीचं काम सुरू झालं. लस बनवायला निघालेल्यांकडे तेव्हा कारखाना नव्हता, कृती नव्हती आणि मदतीला एकही मोठी औषध कंपनी नव्हती. पैसे होते: बिल आणि मेलिंडा गेट्स यांच्या प्रतिष्ठानाने 7 कोटी डॉलर दिले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि सिअ‍ॅटलची ‘पाथ’ ही संस्था यांनी मिळून ‘मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट’ उभा केला होता. डॉ. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख होते. सुरुवातीलाच त्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या आरोग्य खात्यांच्या अधिकाऱ्यांना गाठलं आणि तुम्हाला काय हवं, असं विचारलं. उत्तर स्पष्ट होतं: एका डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत हवी. त्याहून महाग लस आम्ही विकत घेऊ शकणार नाही आणि जी घेता येत नाही ती असून उपयोग नाही.

या कथेतली सगळ्यात महत्त्वाची घटना मला हीच वाटते. औषधाच्या जगात सहसा संशोधन आधी होतं, मग कारखाना उभा राहतो, मग खर्च आणि नफा धरून किंमत ठरते. गरीब देशांची पाळी त्यानंतर कधीतरी, दहा-पंधरा वर्षांनी, देणगीच्या रूपाने येते. इथे नायजरची राजधानी नियामे आणि बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथल्या कचेऱ्यांत बसलेल्या माणसांनी किंमत आधी सांगितली आणि पुढचं सगळं रसायनशास्त्र त्या आकड्यात बसवावं लागलं. ते बसवलं गेलं पुण्यात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या फाटकावरून रोज ये-जा करणाऱ्या आपल्यापैकी फार थोड्यांना हे ठाऊक आहे.

सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेने जमिनीचा एक लांब पट्टा जातो. वर्षाला साधारण 300 ते 1100 मिलिमीटर पाऊस पडणारा. लेओं लापेसोनी या फ्रेंच लष्करी डॉक्टराने 1963 साली साथींच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि या पट्ट्याला ‘मेनिंजायटिसचा पट्टा’ असं नाव मिळालं. आज त्यात 26 देश मोजतात. डिसेंबरात सहाराकडून हरमॅटन नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा सुटतो, आणि रुग्ण दिसायला लागतात. मार्च-एप्रिलच्या उन्हाळ्यात संख्या शिगेला पोचते. पहिला पाऊस झाला की साथ अचानक थांबते. कोरड्या धुळीने नाका-घशाचं अस्तर जखमी होतं आणि जिवाणूला वाट मिळते, असं मानलं जातं.

मेनिंगोकॉकस हा जिवाणू एरवी निरोगी माणसाच्या घशात गुपचूप राहतो. ज्याच्या घशात आहे त्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो. क्वचित कुणाच्या रक्तात तो शिरतो आणि मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणांपर्यंत पोचतो. ताप, असह्य डोकेदुखी, ताठलेली मान. उत्तर नायजेरिया आणि नायजरमधले हौसा लोक या दुखण्याला ‘सांकाराउ’ म्हणतात, आणि त्या शब्दाची धास्ती घेतलेली घरं तिथे पिढ्यानपिढ्या आहेत. डॉक्टर मणक्यातलं पाणी काढून पाहतात. स्वच्छ असायला हवं ते पाणी गढूळ आलं की निदान जवळजवळ झालंच. वेळेवर उपचार मिळूनही 100 पैकी 10 जण दगावतात, आणि वाचलेल्यांतल्या 10 ते 20 टक्के लोकांना बहिरेपणा, झटके किंवा मेंदूची इजा घेऊन जगावं लागतं. मृत्यूचे आकडे सगळे मोजतात. पण जिथे कर्णबधिरांची शाळा शंभर मैलांत नाही अशा गावात चार वर्षांचं पोर बहिरं होतं, त्याची मोजणी क्वचितच होते.

1996-97 च्या साथीत या पट्ट्यात अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि सुमारे 25,000 मेले. यातल्या बहुतेक मोठ्या साथी जिवाणूच्या ‘अ’ गटाच्या होत्या. लस तेव्हाही होती, पण कमजोर. जिवाणूभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचं कवच असतं. जुन्या लसीत नुसतं तेच कवच असे. दोन वर्षांखालच्या मुलांचं शरीर त्याला धड प्रतिसाद देत नाही. मोठ्यांनाही दोन-तीन वर्षंच संरक्षण मिळतं. शिवाय घशातला जिवाणू तसाच राहतो, म्हणजे टोचलेला माणूस दुसऱ्याला रोग देऊ शकतो. त्यामुळे साथ येईपर्यंत थांबायचं आणि मग धावपळ करून टोचायचं, असा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. आठवड्याला लाखामागे किती रुग्ण झाले की साथ जाहीर करायची, याचे उंबरठे ठरलेले होते. उंबरठा ओलांडला, बातमी राजधानीत गेली, लस मागवली, ती पोचली, तोवर कितीतरी गावांतली साथ आपणहून संपत आलेली असे.

उपाय माहीत नव्हता असं नाही. कवचातली साखर एखाद्या प्रथिनाला रासायनिक गाठीने बांधली की शरीर तिला गांभीर्याने घेतं. अनोळखी माणसाने ओळखीच्याचा हात धरून घरात यावं तसं. ही संयुग्मित लसीची कल्पना. ब्रिटनने 1999 साली अशाच लसीने ‘क’ गटाचा मेनिंजायटिस आपल्या मुलांमधून जवळपास हटवला. ‘अ’ गटाची लस मात्र कुणी बाजारात आणली नाही, कारण ‘अ’ गटाने मरणारी मुलं श्रीमंत देशांत राहत नव्हती. विज्ञान तयार होतं आणि ग्राहक गरीब होता, याहून वेगळं कारण मला सापडत नाही.

लाफोर्स यांनी मोठ्या कंपन्यांकडे विचारणा केली. त्या किमतीत कुणी तयार झालं नाही. मग त्यांनी कामाचे तुकडे पाडले. कवचातली साखर अ‍ॅमस्टरडॅमच्या ‘सिंको बायो पार्टनर्स’ने पुरवायची. साखर आणि प्रथिन जोडण्याची नवी पद्धत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेतल्या चे-हुंग रॉबर्ट ली आणि कार्ल फ्राश या शास्त्रज्ञांनी शोधली होती. जुन्या पद्धतींत बराच माल वाया जाई, हिच्यात उतारा चांगला पडे. किमतीचं गणित सुटलं ते मुख्यतः या उताऱ्यामुळे. आणि ते सगळं एकत्र करून लस बनवायची पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने.

1966 साली सायरस पूनावाला यांनी सुरू केलेल्या या कंपनीला धनुर्वाताच्या लसीचा दीर्घ अनुभव होता. साखर ज्या प्रथिनाला बांधायची ते हेच, धनुर्वाताचं टॉक्सॉइड. म्हणजे अर्धा माल घरचा होता. संयुग्मित लस मात्र कंपनीने तोवर बनवलेली नव्हती. पुण्यातल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकी प्रयोगशाळेकडून पद्धत शिकून घेतली आणि ती कारखान्याच्या मापात बसवली. या काळात कंपनीचे कार्यकारी संचालक असलेल्या डॉ. सुरेश जाधव यांचं नाव प्रकल्पाच्या शोधनिबंधांत दिसतं, मराठी वाचकांच्या कानी मात्र ते फारसं पडलेलं नाही. ठरलेली किंमत होती डोसामागे 40 सेंट. त्या वेळच्या दराने 18-20 रुपये.

माणसांवरची पहिली चाचणी 2005 साली भारतातल्या प्रौढांवर झाली. पुढचा टप्पा पश्चिम आफ्रिकेतच होणं भाग होतं, कारण रोग तिथला आणि लस घेणारी मुलं तिथली. पण तिथे ‘चाचणी’ म्हटल्यावर लोकांना काय आठवत असेल, हे आधी समजून घ्यायला हवं.

1996 च्या त्याच भयंकर साथीत नायजेरियातल्या कानो शहराच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात फायझर कंपनीचं पथक आलं. सुमारे 200 आजारी मुलं निवडून निम्म्यांना ट्रोव्हाफ्लॉक्सासिन हे नवं औषध दिलं, निम्म्यांना प्रचलित इंजेक्शन. 11 मुलं दगावली, काही अपंग झाली. आपल्या मुलावर प्रयोग होतोय हे आम्हाला सांगितलंच नव्हतं, असं आईबापांचं म्हणणं. मृत्यू रोगामुळे झाले, औषधामुळे नव्हे, असं कंपनीचं म्हणणं. खटले वर्षानुवर्षं चालले आणि 2009 साली कंपनीने कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरची तडजोड केली. दरम्यान 2003 मध्ये कानोने पोलिओचे डोस घ्यायला नकार दिला. त्या नकाराला राजकारण होतं, अफवा होत्या. पण रुग्णालयातल्या त्या दिवसांची आठवणही होती. त्या आईबापांना अडाणी म्हणून सोडून देणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यांनी अनुभवावरून निष्कर्ष काढला होता.

नव्या लसीची चाचणी घेणारी मंडळी या भागातच मुरलेली होती. 2006 साली मालीतल्या बामाको इथे सांबा सो यांच्या लस विकास केंद्रात आणि गांबियातल्या बासे इथे 12 ते 23 महिन्यांच्या 601 मुलांवर लस तपासली गेली. पुढे सेनेगलमधल्या न्याखारचा समावेश झाला. न्याखारच्या गावांत 1962 पासून प्रत्येक जन्म आणि मृत्यू टिपला जातो. घाना देशाच्या उत्तर टोकाला, नावरोंगोच्या संशोधन केंद्रात तान्ह्या बाळांवरची चाचणी झाली. अशा ठिकाणी संशोधक लस टोचून विमानाने निघून जात नाही. पुढच्या वर्षीही तो त्याच ओट्यावर बसायला येणार, हे आईला ठाऊक असतं आणि त्यालाही. वाचता न येणाऱ्या पालकांसाठी संमतिपत्र त्यांच्या भाषेत समजावलं जातं आणि पथकाबाहेरचा एक साक्षर साक्षीदार समोर असतो. मग अंगठा. नियमात हे चार ओळींचं काम आहे, प्रत्यक्षात त्यात दिवस जातात, आणि ते जायलाच हवेत.

निकाल अपेक्षेहून चांगला निघाला. जुन्या लसीच्या तुलनेत लहान मुलांमध्ये सुमारे 20 पट अधिक प्रतिपिंडं तयार झाली. जून 2010 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘मेनआफ्रिव्हॅक’ या नावाने या लसीला मान्यता दिली. सप्टेंबरात बुर्किना फासो, माली आणि नायजरमध्ये थोड्या भागात आजमावून पाहिलं आणि 6 डिसेंबर 2010 रोजी वागाडुगूत मुख्य मोहीम सुरू झाली. वय 1 ते 29, एकच टोचणी. 10 दिवसांत बुर्किनात 1 कोटी 10 लाखांहून अधिक लोकांनी लस घेतली. वर्ष संपेपर्यंत तिन्ही देशांत मिळून सुमारे 2 कोटींनी.

पुढच्या उन्हाळ्यात बुर्किनात ‘अ’ गट जवळजवळ दिसेनासा झाला. चाडमध्ये तर याची स्वच्छ तुलनाच हाती आली. 2011 च्या अखेरीस राजधानी एन्जामेना आणि आसपासच्या भागात 18 लाख लोकांना लस दिली, बाकी देश पुढच्या फेरीसाठी थांबला. 2012 च्या साथीत लस मिळालेल्या भागात मेनिंजायटिसचं प्रमाण 94 टक्क्यांनी कमी होतं. घशाचे नमुने तपासले तेव्हा जिवाणू बाळगणारेही जवळजवळ उरले नव्हते. म्हणजे न टोचलेल्यांनाही आडोसा मिळाला. हे जुन्या लसीला कधीच जमलं नव्हतं.

मला या सगळ्यात विशेष प्रिय आहे ती बेनिनमधली हकिकत. लस म्हटली की शीतपेटी, बर्फ आणि तो बर्फ गोठवायला वीज हवी. कापूस पिकवणाऱ्या बानिकोआरा जिल्ह्यात बहुतेक गावांत वीज नव्हती. बर्फ गोठवण्यात आणि वाहण्यात माणसांचा अर्धा जीव जाई. मेनआफ्रिव्हॅक उष्णतेत टिकते, हे कागदावर सिद्ध झालं आणि नोव्हेंबर 2012 मध्ये बानिकोआरात ती बर्फाशिवाय नेली गेली. 40 अंशांपर्यंत, जास्तीत जास्त 4 दिवस. सोबत तापमान ओलांडलं की रंग बदलणारा कागद. कुप्या पिशवीत घालून आरोग्यसेवक दीड लाखावर लोकांपर्यंत पोचले. आफ्रिकेत असं करायची परवानगी मिळालेली ही पहिली लस. शोध म्हणून हे लहान वाटेल, पण ज्या परिचारिकेला रात्री दोन वाजता उठून बर्फाची पाकिटं बदलावी लागत नाहीत तिच्यासाठी ते लहान नाही.

2017 नंतर या पट्ट्यात ‘अ’ गटाचा खात्रीशीर रुग्ण नोंदलेला नाही. मेनिंजायटिस मात्र संपला नाही. 2015 मध्ये नायजरमध्ये ‘क’ गटाची साथ आली: 8,500 वर रुग्ण, साडेपाचशेहून अधिक मृत्यू, आणि जगभरात त्या गटाच्या लसीचा तुटवडा. 2017 मध्ये नायजेरियात 14,000 वर रुग्ण आणि 1,100 हून अधिक मृत्यू. ‘एक्स’ गटावर तर कुठेच लस नव्हती. मणक्यातलं पाणी प्रयोगशाळेपर्यंत नीट पोचवून, नियामेच्या ‘सेरमेस’सारख्या केंद्रांत जिवाणूचा गट ओळखला जात होता म्हणून हे बदलतं चित्र दिसलं तरी. या कामाला सोहळा नसतो, फीत कापायला कुणी येत नाही, आणि पैसे आटले की पहिली कात्री इथेच लागते.

पुन्हा पुणे आणि ‘पाथ’ एकत्र आले, या खेपेला ब्रिटिश सरकारच्या पैशावर. अ, क, डब्ल्यू, वाय आणि एक्स या पाचही गटांवरची एकच लस तयार झाली. माली आणि गांबियात 2 ते 29 वयाच्या 1,800 जणांवर ती तपासली गेली, जुलै 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि 2024 च्या वसंतात नायजेरियाने ती जगात सर्वप्रथम वापरायला घेतली. त्या हंगामात तिथल्या सात राज्यांत दीडशेहून अधिक माणसं मेली होती. पाच जोडण्यांची लस 40 सेंटांत बसत नाही, ती कितीतरी पट महाग आहे. म्हणून 2001 साली नियामेत ज्या आकड्यावर बोलणं सुरू झालं होतं तोच वाद आता देणगीदारांच्या बैठकांत पुन्हा उभा आहे. घाईचं कारणही आहे. मोठ्या मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांना नियमित लसीकरणात ही टोचणी मिळत राहिली नाही, तर पंधराएक वर्षांत ‘अ’ गटाच्या साथी परत येऊ शकतात, असा गणिती अभ्यासांचा अंदाज आहे. बुर्किनातल्या त्या 10 दिवसांना 2025 च्या डिसेंबरात 15 वर्षं पुरी होतात.