सवलतीचा पास आणि प्रवाशाचा हिशेब

फरीदाबादच्या स्थानकावर सकाळी दिल्लीच्या लोकलची वाट पाहत उभ्या असलेल्या नोकरदाराला तिकिटाच्या खिडकीशी सहसा काम पडत नाही. त्याच्या खिशात पास असतो. फाळणीनंतर निर्वासितांसाठी येथे औद्योगिक नगर वसविले गेले, कारखाने आले, आणि त्यांच्या पाठोपाठ देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आणि मुंबईचे वारे लागलेल्या मराठी माणसाला पास ही काय वस्तू आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. महिन्याचा पास काढताना तो गणित मांडीत बसत नाही, कारण महिन्यातले पंचवीस दिवस आपण त्याच दोन स्थानकांच्या दरम्यान ये-जा करणार हे त्याला पक्के ठाऊक असते. तिमाही पास मासिक पासाच्या तिप्पट किमतीस न मिळता २.७ पट किमतीस मिळतो. म्हणून ज्याची नोकरी स्थिर तो तिमाही काढतो. ज्याच्या डोक्यावर बदलीची तलवार लटकते आहे तो मासिकावरच भागवितो. पासाचे सारे शास्त्र या एवढ्या व्यवहारात आले. पुढचा प्रवास जितका निश्चित, तितका पास फायद्याचा.

परंतु हाच मनुष्य परदेशी जावयास निघाला की हे शास्त्र त्याला आठवत नाही. मुलगा म्युनिकला असतो, मुलगी टोकियोला. निवृत्तीनंतर जपून ठेवलेल्या रकमेतून प्रवासाचे बेत ठरतात. आणि ‘सात दिवस वाटेल तितके फिरा’ अशी जाहिरात वाचली की पास घेणे म्हणजे बचत करणे असे त्याला वाटू लागते. वास्तविक घरी वापरावयाचा पास आणि प्रवाशाला विकला जाणारा पास यांत मोठा भेद आहे. पहिल्यात निश्चित असलेला प्रवास स्वस्त मिळतो. दुसऱ्यात अनिश्चित प्रवासाची मोकळीक विकत घेतली जाते. मोकळिकीला किंमत असते, आणि ती किंमत ठरविणाऱ्या रेल्वेला एक गोष्ट चांगली माहीत असते : मनुष्य नकाशावर जितका फिरतो तितका पायांनी फिरत नाही.

याचा अनुभव घ्यावयास परदेशी जाण्याचीही गरज नाही. दिल्ली मेट्रोची जांभळी मार्गिका २०१५ साली फरीदाबादेत आली आणि २०१८ मध्ये ती बल्लभगढपर्यंत, म्हणजे राजा नाहरसिंह स्थानकापर्यंत पोहोचली. तेव्हापासून पुण्या-नागपूरचे पाहुणे फरीदाबादेत नातलगांकडे उतरून दिल्ली पाहू लागले. मेट्रोचे एक दिवसाचे पर्यटक कार्ड २०० रुपयांचे असे. त्यातले ५० रुपये अनामत, कार्ड परत केल्यावर मिळणारे, म्हणजे खरा खर्च १५० रुपये. २०१७ पासून २०२५ च्या ऑगस्टातील भाडेवाढीपर्यंत कामाच्या दिवशीचे कमाल भाडे ६० रुपये होते, आणि साध्या स्मार्ट कार्डावर दहा टक्के सूट मिळे. बाटा चौकातून थेट लाल किल्ल्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या पाहुण्याला साध्या कार्डावर १०८ रुपये पडत. पर्यटक कार्ड घेतले तर ४२ रुपयांचे नुकसान. तोच पाहुणा लाल किल्ल्यावरून केंद्रीय सचिवालयाशी आणि तेथून कुतुबमिनाराला गेला तर मात्र मधल्या फेऱ्यांत ते ४२ रुपये वसूल होऊन वर काही उरे. कार्ड तेच, दिवस तोच. फरक एवढाच की एकाला किल्ला पाहून समाधान झाले आणि दुसऱ्याच्या पायांना विश्रांती ठाऊक नव्हती. अनामत रकमेसाठी परत रांगेत उभे राहण्याचा कंटाळा केला तर त्या बिचाऱ्याचाही फायदा आटला.

पर्यटकांसाठी पास काढण्याची कल्पना तशी जुनी. १९५९ साली युरोपातील १३ देशांच्या रेल्वेंनी मिळून ‘युरेल’ पास काढला. तो युरोपाबाहेरून येणाऱ्यांसाठी होता. एका पुस्तिकेवर सीमा ओलांडीत हिंडता येणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. खुद्द युरोपातील तरुणांसाठी १९७२ मध्ये ‘इंटररेल’ आला. आज या व्यवस्थेत ३३ देश आहेत. आपल्या रेल्वेनेही परदेशी पाहुण्यांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी ‘इंडरेल’ पास चालविला होता. तो २०१७ साली बंद झाला.

या पासांचे स्थूलमानाने दोन प्रकार असतात. एकात दिवस सलग मोजले जातात. गाडीत बसा अथवा खोलीत झोपा, दिवस सरत राहतो. दुसऱ्यात महिन्या-दोन महिन्यांच्या मुदतीत प्रवाशाने निवडलेले दिवसच धरले जातात. साठी उलटलेल्या जोडप्याने, जे एका गावी तीन-चार दिवस टेकल्याशिवाय पुढे सरकत नाही, सलग दिवसांचा पास घेणे म्हणजे गाडी न वापरण्याचे भाडे भरणे होय. युरेलमध्ये वृद्धांना दहा टक्के सूट आहे आणि मोठ्यांबरोबर अकरा वर्षांपर्यंतची मुले विनामूल्य जातात. (भारतीय रेल्वेने ज्येष्ठांची सवलत २०२० च्या मार्चात थांबविली, त्यामुळे परदेशी खिडकीवर वयाची विचारपूस झाली की आपल्याकडच्या आजोबांना जरा गहिवरून येते.) तथापि फ्रान्स व इटलीतील अतिवेगवान गाड्यांत पास असूनही जागेच्या आरक्षणाचे पैसे निराळे द्यावे लागतात, आणि पासधारकांसाठीच्या जागा संपल्या तर पास हातात धरून फलाटावर उभे राहावे लागते. हा खर्च हिशेबात न धरणे ही नेहमीची चूक. उलट रात्रीच्या गाडीत निघण्याचा दिवस तेवढा मोजला जातो, ही बाब प्रवाशाच्या हिताची आहे.

जपानचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथील सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या सप्टेंबरअखेरपर्यंत २९,६५० येनला मिळे. टोकियोहून क्योतोला शिंकान्सेनने आरक्षित जागेवर जाण्यास सुमारे १४,००० येन लागतात. म्हणजे एका जाण्यायेण्यातच पासाची किंमत जवळजवळ भरून निघे आणि पुढचा प्रवास फुकटात पडे. त्या काळात ‘जपानला जाताय? मग पास आधी काढा’ असा सल्ला एकाने दुसऱ्याला दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तो खराही होता. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याच पासाची किंमत ५०,००० येन झाली. आता टोकियोहून हिरोशिमापर्यंत जाऊन परत आले तरी तिकिटांची बेरीज पन्नास हजारांना पोहोचत नाही. किंमत बदलली, सल्ला मात्र बदलला नाही. कुटुंबाकुटुंबांतून तो अजून फिरतो आहे. नातलगाने पाच वर्षांपूर्वी केलेला प्रवास जागांच्या माहितीसाठी उपयोगी असतो, भाड्यांच्या माहितीसाठी नव्हे.

याच पासात आणखी एक मेख आहे. तो थोड्या दिवसांसाठी पाहुणा म्हणून आलेल्या परदेशीयालाच वापरता येतो. टोकियोत नोकरी करणाऱ्या मुलीला तिच्या आईवडिलांबरोबर हिंडताना तो चालत नाही. आईवडील पासावर आणि मुलगी पूर्ण तिकिटावर, असा प्रसंग येतो. कुटुंबाचा हिशेब करताना माणसे एकत्र मोजून भागत नाही. प्रत्येकाचा दाखला निराळा पाहावा लागतो. शहरातील भुयारी रेल्वेच्या पासाचेही असेच. टोकियोत पर्यटकांना मिळणारा चोवीस, अठ्ठेचाळीस अथवा बहात्तर तासांचा पास तेथील दोन्ही भुयारी रेल्वेंवर चालतो, परंतु शहराला वळसा घालणाऱ्या यामानोते मार्गावर चालत नाही, कारण ती गाडी तिसऱ्याच संस्थेची. यातील गुण हा की मुदत तारखेने न मोजता पहिल्या वापरापासूनच्या तासांनी मोजली जाते; दुपारी सुरू केलेला पास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत राहतो.

स्वित्झर्लंड हे मराठी पर्यटकांचे लाडके ठिकाण, आणि चुकीचा पास घेण्याचेही. तेथे एक सर्वसमावेशक ‘ट्रॅव्हल पास’ मिळतो आणि एक अर्ध्या भाड्याचे कार्ड मिळते. २०२४ साली दुसऱ्या वर्गाचा चार दिवसांचा पास २९५ फ्रँकांचा होता. महिनाभराचे अर्ध्या भाड्याचे कार्ड १२० फ्रँकांचे. दोहोंतील अंतर १७५ फ्रँक. अर्थात चार दिवसांत पूर्ण भाड्याने ३५० फ्रँकांहून अधिक प्रवास होत असेल तरच पास सरस, एरवी कार्ड. आता मौज अशी की बहुतेकांना पाहावयाचे असते ते बर्फाचे शिखर. युंगफ्राऊला पास ग्रिंडेलवाल्ड अथवा वेंगेनपर्यंतच पुरतो. तेथून वर, जेथे भाडे खरोखर महाग होते, केवळ पंचवीस टक्के सूट. अर्ध्या भाड्याचे कार्ड मात्र शिखरापर्यंत निम्मे पैसे वाचविते. इंटरलाकेनहून वर जाऊन येण्यास उन्हाळ्यात दोनशे फ्रँकांहून अधिक लागतात, म्हणजे या एकाच फेरीत कार्डाची बहुतांश किंमत परत येते. टिटलिसवर दोन्हींची सूट सारखीच, निम्मी. याउलट रिगी डोंगर पासावर विनामूल्य आहे, पण त्याचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते. तेव्हा कोणता पास, हा प्रश्न कोणते शिखर, या प्रश्नानंतर विचारावयाचा आहे.

मुलांच्या बाबतीतही तेथे एक बारीक अट आहे. सोळा वर्षांखालील मुले विनामूल्य जातात, परंतु आईवडिलांपैकी एकाच्या सोबतीने. आजीआजोबांनी नातवंडांना घेऊन हिंडावयाचे ठरविले तर मुलांचे निम्मे भाडे पडते.

शहरांतील पासांत वार महत्त्वाचा. पॅरिसचा साप्ताहिक पास सोमवारी सुरू होतो आणि रविवारी संपतो. प्रवासी कोणत्या दिवशी उतरला याच्याशी त्याला कर्तव्य नसते. २०२५ साली त्याची किंमत ३१.६० युरो होती, शिवाय छायाचित्र लावावयाच्या कार्डाचे ५ युरो. त्याच वर्षी विमानतळाचे एकेरी तिकीट १३ युरो आणि मेट्रोचे २.५० युरो झाले. सोमवारी उतरून रविवारी निघणाऱ्याला विमानतळाच्या दोन फेऱ्या व गावातल्या पाच फेऱ्या इतक्यात पास सुटतो. शुक्रवारी उतरणाऱ्याला चालू आठवड्याचा पास कोणी विकतच नाही. विमानाचे तिकीट काढताना दोन दिवस इकडेतिकडे करणे शक्य असेल तर हे आधी पाहून ठेवावे.

लंडनने प्रवाशाची या गणितातून बऱ्याच अंशी सुटका केली आहे. तेथे पास निवडण्याऐवजी कार्ड यंत्राला टेकवीत जावे. दिवसाचा खर्च ठराविक मर्यादेला पोहोचला की पुढील प्रवासाचे पैसे कापले जात नाहीत. २०२४ साली मधल्या दोन विभागांची मर्यादा ८.५० पौंड होती आणि अगदी मध्यवर्ती फेरीला गर्दीच्या वेळी २.८० पौंड पडत. चौथ्या फेरीला काही पेन्स देऊन मनुष्य मोकळा. प्रत्येकाचे कार्ड मात्र स्वतंत्र हवे, आणि दिवसभर तेच हवे. सकाळी कार्ड व दुपारी भ्रमणध्वनी टेकविला तर यंत्राच्या लेखी ते दोन प्रवासी होतात आणि मर्यादा कोणाचीच गाठली जात नाही.

जर्मनीत मुलाकडे दोन-तीन महिने राहावयास जाणाऱ्या आईवडिलांचा प्रवास तर पर्यटकापेक्षा फरीदाबादच्या पासधारकासारखाच असतो : आज बाजार, उद्या मंदिर, परवा शेजारचे गाव. त्यांना २०२३ च्या मे महिन्यात निघालेले देशभराचे मासिक तिकीट उपयोगी पडते. आरंभी ते ४९ युरोंचे होते, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ च्या जानेवारीपासून ६३ युरोंचे झाले. शहरातील सर्व वाहने आणि प्रादेशिक गाड्या त्यावर चालतात. आंतरशहरी जलद गाड्या चालत नाहीत. ते वर्गणीने घ्यावयाचे असल्यामुळे दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहते, आणि बंद करावयाचे तर त्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत कळवावे लागते. परतीचे विमान पंचवीस तारखेचे असेल तर आठवण दहाच्या आधीच हवी; नाहीतर आईवडील फरीदाबादेत परत आलेले आणि तिकीट मात्र जर्मनीत फिरते आहे, असे व्हावयाचे.

हिशेब करावा तो निघण्यापूर्वी घरच्या टेबलावर. कागदावर फक्त तेच प्रवास लिहावेत जे पास नसतानाही केले असते. पास आहे म्हणून सुचलेले प्रवास त्यात धरू नयेत. त्यांच्यापुढे आजचे भाडे, आरक्षणाचे पैसे आणि बँकेची चलनबदलाची आकारणी लिहावी. बेरीज पासाच्या किमतीच्या जवळपास आली तर पास घेण्यास हरकत नाही, कारण परक्या भाषेच्या यंत्रापुढे उभे राहून प्रत्येक वेळी तिकीट काढण्याचा त्रास वाचतो आणि वृद्धांना ही सोय थोडी महाग पडली तरी चालते. मात्र ती बचत म्हणून नव्हे, सोय म्हणून घेतली आहे हे घरात सर्वांना ठाऊक असावे. पास सुरू करावयाचा दिवसही विमान उतरण्याचा न धरता पहिल्या लांब प्रवासाचा धरावा. पहिला दिवस बहुधा सामान उघडण्यात आणि झोपेत जातो.