फुकटचं वायफाय आणि आपला लॅपटॉप

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गूगलचं मोफत वायफाय सुरू झालं, तेव्हा सगळ्यांनी वेगाचंच कौतुक केलं. मला बोलायचंय ते नावाबद्दल. फलाटावर लॅपटॉप उघडला की यादीत जे नाव दिसतं, तो पुरावा नव्हे. शेजारच्या बाकावरचा माणूसही आपल्या हॉटस्पॉटला तेच नाव देऊ शकतो! आणि लॅपटॉप भोळा. बिनपासवर्डाचं, ओळखीचं नाव दिसलं की न विचारता जोडला जातो. म्हणून काम झालं की ते नेटवर्क यादीतून काढूनच टाका. पत्त्याआधी ‘एचटीटीपीएस’ असेल तर मधल्या माणसाला साइट कोणती ते कळेल, पासवर्ड वाचता येणार नाही. मात्र ब्राउझरने प्रमाणपत्राबद्दल इशारा दिला, तर तिथेच थांबायचं. बँकेचं काम मी तरी स्वतःच्या मोबाइल डेटावरच करतो.