हृदयातली पेटी आणि तिची वसुली

आचोळ्यातल्या आमच्या बचत गटातील एका ताईंचं हृदय अशक्त आहे. डॉक्टरांनी त्यांना ठोके कमी करणारी गोळी दिली होती. "हृदय आधीच थकलेलं, त्यात ते आणखी मंद कशाला करायचं?" असं म्हणून त्यांनी ती परस्पर बंद केली. काही दिवसांतच एक मजला चढतानाही दम लागू लागला. त्यांचा प्रश्न आम्हा सगळ्यांनाच पडला. त्याचं उत्तर आम्हाला जसं समजलं, तसं आज सांगतो.

हृदयाचा स्नायू आवळतो तो कॅल्शियममुळे. स्नायूच्या प्रत्येक पेशीत कॅल्शियमची जणू एक पेटी असते. ठोका पडताना बाहेरून थोडं कॅल्शियम पेशीत येतं आणि त्याच्या इशाऱ्याने पेटीतलं बरंच कॅल्शियम बाहेर सुटतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटलं की स्नायू आवळतो. सैल कधी होतो? कॅल्शियम परत गेल्यावर. त्यातलं बरंचसं पेटीत परत भरण्याचं काम सर्का नावाचं प्रथिन करतं. आपल्या गटात कर्जाची वसुली करणाऱ्या ताई असतात ना, तशीच ही सर्का! तिचा पदर धरून ठेवणारं दुसरं प्रथिन म्हणजे फॉस्फोलॅम्बान. धावपळीत ॲड्रिनॅलिन वाढलं की ते पदर सोडतं आणि वसुली भराभर होते.

मिनिटाला 75 ठोके असतील, तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतो. नालासोपाऱ्याच्या पुलावरून लोकलसाठी धावताना ठोके 150 झाले, तर फक्त 0.4 सेकंद. निरोगी हृदयात तेवढ्यातही वसुली पुरी होते. शिवाय ठोके वाढले की बाहेरून येणारं कॅल्शियमही वाढतं, पेटी जास्त भरते आणि ठोका जोरकस पडतो. 1871 साली बाउडिच या शास्त्रज्ञाने बेडकाच्या हृदयात हेच पाहिलं. ठोक्यांचा जोर जिन्याच्या पायऱ्यांसारखा चढत गेला.

अशक्त हृदयात मात्र सर्का बहुधा कमी पडते. ठोके वाढले की वसुली अर्धवट राहते. पेटीत शिल्लक कमी, म्हणून आवळणं ढिलं. बाहेर कॅल्शियम उरलेलं, म्हणून स्नायू नीट सैल होत नाही आणि हृदयात रक्त पुरेसं भरत नाही. ठोके वाढतात, पण जोर वाढत नाही. म्हणूनच ती गोळी. ठोके मंद झाले की वसुलीला आणि रक्त भरायला वेळ मिळतो. ॲड्रिनॅलिनचा सततचा माराही कमी होतो.

"मग कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्या तर?" असंही एकीने विचारलं. त्याने हृदय बळकट होत नाही. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच ठरावीक प्रमाणात राखतं. त्या गोळ्या हाडांसाठी, त्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात.

आमच्या ताई पुन्हा डॉक्टरांकडे गेल्या. कमी मात्रेपासून गोळी परत सुरू झाली. मैत्रिणींनो, हृदयाची गोळी मनाने बंद करू नका. आडवं पडल्यावर दम लागला, पावलं सुजली, तर "कामाचा थकवा असेल" म्हणून अंगावर काढू नका. शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि हवं तर सोबत गटातल्या एकीला न्या.