घरच्या मैलापाण्याचा नळ : उतार, अंतर व जमीन

घरी संडास बांधला म्हणजे आरोग्याचे काम पुरे झाले, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः संडासातून निघालेले पाणी शेवटी कोठे जाते, यावर आपल्या व शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे राहील की नाही, हे ठरते. विषमज्वर, कावीळ, पटकी हे रोग दूषित पाण्यावाटे पसरतात. नळ टाकण्याचे काम अनेक शेतकरी घरच्या माणसांच्या मदतीने स्वतःच करतात. त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

जागा : शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून वा कूपनलिकेपासून निदान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. भेगा पडलेल्या काळ्या खडकातून पाणी न गाळले जाता दूरवर जाते. तेथे अंतर याहून अधिक ठेवावे. खड्ड्याचा तळ पावसाळ्यातील भूजलाच्या पातळीहून निदान २ मीटर वर राहावा. कोकणात व नदीकाठी हे विशेष पाहावे.

उतार : ११० मिलीमीटर व्यासाच्या नळास दर १० मीटर लांबीस २५ सेंटिमीटर उतार द्यावा. नुसत्या नजरेच्या अंदाजावर विसंबू नये. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची टोके दोन खुंट्यांशी धरली असता दोन्हीकडील पाणी एकाच पातळीवर स्थिर होते. त्या पातळीची खूण खुंट्यांवर करून तेथून चराच्या तळापर्यंतचे माप घ्यावे. खुंट्यांमधील अंतर १० मीटर असल्यास खालच्या टोकाचे माप २५ सेंटिमीटरने जास्त भरले पाहिजे. मध्येच खोलगट भाग राहिला तर तेथे मैला साचून नळ तुंबतो.

जोडणी : चरातील दगडगोटे काढून तळाशी वाळू वा बारीक मुरूम अंथरावा. काम खालच्या टोकाकडून वर करीत यावे व नळाचे रुंद तोंड वरच्या बाजूस ठेवावे. वळणावर काटकोनी बाक न घालता ४५ अंशांचे दोन बाक वापरावेत आणि तेथे झाकणाचे चेंबर बांधावे. चर बुजविण्यापूर्वी नळाचे खालचे तोंड बंद करून तो पाण्याने भरावा. पाण्याची पातळी उतरू लागल्यास सांधा गळत आहे असे समजावे.

टाकी व शोषखड्डा : सेप्टिक टाकीतून बाहेर जाणारा नळ आत येणाऱ्या नळाहून ५ सेंटिमीटर खाली असावा. वायुनळीस जाळी बसवावी. पावसाचे पाणी टाकीत सोडू नये. टाकीतून निघणारे पाणी नितळ दिसले तरी त्यात रोगजंतू असतात. म्हणून ते गटारात, ओढ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात न सोडता शोषखड्ड्यातच जिरवावे. मुरमाड जमिनीत ते सहज जिरते. काळी चिकण जमीन ओली होताच फुगते व पाणी जिरणे मंदावते. अशा जमिनीत खड्ड्याच्या बांधकामाभोवती ३० सेंटिमीटर जाडीचा वाळू व खडीचा थर द्यावा.

धोक्याची सूचना : टाकीत साचलेल्या विषारी वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढण्यास उतरणाराही प्राणास मुकतो. टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. संरक्षक साधनांशिवाय माणसास टाकी साफ करावयास लावणे २०१३ च्या कायद्याने दंडनीय आहे. गाळ यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्यावा. जेथे अशी गाडी पोहोचत नाही, तेथे टाकीऐवजी दोन खड्ड्यांचा संडास बांधणे श्रेयस्कर होय. त्यात भरलेला खड्डा निदान २ वर्षे बंद ठेवल्यास मैल्याचे खत होते व ते शेतास उपयोगी पडते.

ग्रामसेवकांनी नवे काम सुरू होण्यापूर्वी जागेवर जाऊन विहिरीपासूनचे अंतर व चराचा उतार स्वतः मोजून पाहावा. बुजविलेला नळ पुन्हा उकरता येतो; परंतु बिघडलेली विहीर सुधारणे फार कठीण असते.