शाळेच्या ग्रंथालयास संगणक-व्यवस्था कोणती घ्यावी?

आमच्या शाळेच्या ग्रंथालयांतील पुस्तकांची यादी संगणकावर घ्यावी, असें शिक्षकमंडळानें यंदां ठरविलें, आणि लागलीच प्रश्न उभा राहिला कीं, त्याकरितां लागणारी व्यवस्था विकत घ्यावी, कीं 'मुक्तस्रोत' म्हणून जी विनामूल्य मिळते ती स्वीकारावी. पालकसभेंत कित्येकांनीं विचारिलें, "फुकट मिळत असतां पैसे कां खर्चावे?" दुसऱ्या कित्येकांचा आक्षेप नेमका उलट होता : "फुकट वस्तूची हमी कोण घेणार?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण त्यांचें उत्तर एका वाक्यांत देतां येण्याजोगें नाहीं, म्हणून हा लेख.

प्रथम अशी व्यवस्था करते काय, तें पाहूं. आज आमच्या ग्रंथपालांच्या मेजावर तीन वस्तु असतात : दाखल-नोंदवही, विषयवार यादी आणि देवघेवीचीं कार्डें. नवें पुस्तक आलें कीं तें वहींत लिहावें, मग यादींत उतरावें, आणि कोणी विद्यार्थ्यानें नेलें कीं कार्डावर मांडावें. संगणक-व्यवस्था हीं तिन्ही कामें एकाच नोंदीवरून करते. एकदां लिहिलेली नोंद लेखकाच्या नांवावरून, विषयावरून किंवा शीर्षकांतील एखाद्या शब्दावरून शोधतां येते. पुस्तक कोणाकडे आहे व केव्हां परत यावयाचें, हेंही तेथेंच दिसतें. याहून अधिक जादू तींत नाहीं.

आतां 'मुक्तस्रोत' म्हणजे काय? संगणकाचा प्रोग्राम प्रथम जाणत्या मनुष्यास वाचतां येईल अशा संकेतांत लिहिलेला असतो. त्या मूळ लिखाणास स्रोत म्हणतात. व्यापारी कंपनी तें लिखाण बहुधा आपल्यापाशीं ठेवते व वापरण्याचा परवाना तेवढा विकते. मुक्तस्रोत व्यवस्थेंत तें लिखाण पाहण्यास, बदलण्यास व दुसऱ्यास देण्यास मोकळीक असते. खानावळींत जेवण विकत मिळतें, त्याची कृति मिळत नाहीं; शेजारीण कृति आनंदानें सांगते, पण चूल आपली आपणच पेटवावी लागते. येथें एक गल्लत टाळावी. जें फुकट तें मुक्तस्रोतच असतें असें नाहीं. सरकारी ग्रंथालयांना विनामूल्य मिळणारी 'ई-ग्रंथालय' ही राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची व्यवस्था फुकट असली, तरी तिचा स्रोत सर्वांस खुला नाहीं.

मुक्तस्रोत व्यवस्थांत 'कोहा' हिचें नांव आज सर्वांत अधिक ऐकूं येतें, आणि तिच्या जन्माची हकीकत मुलांना सांगण्याजोगी आहे. न्यूझीलंडमधील लेव्हिन हें एक लहानसें गांव. तेथील होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी संगणक-व्यवस्था २००० हें सन ओळखूं शकत नव्हती. बाजारांतील नव्या व्यवस्था महाग होत्या, आणि त्यांना लागणारी तारांची जोडणी तर आणखीच महाग. तेव्हां १९९९ सालीं त्या विश्वस्तमंडळानें कटिपो नांवाच्या एका लहान कंपनीकडून, साध्या टेलिफोनच्या तारेवर चालेल अशी व्यवस्था लिहवून घेतली. ती जानेवारी २००० मध्यें सुरू झाली, आणि मग विश्वस्तांनीं ती जगास देऊन टाकली. 'कोहा' हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ देणगी. पण घेणाऱ्यानेंही पुढें कांहीं द्यावें, अशी अपेक्षा जींत असते ती देणगी. तसेंच घडलें. अमेरिकेंतील ओहायो प्रांतांतल्या नेल्सनव्हिल येथील ग्रंथालयास पुस्तकांच्या नोंदी 'मार्क' या सर्वमान्य नमुन्यांत ठेवावयाच्या होत्या. त्यानें स्वतःचा पैसा खर्चून ती सोय करविली, आणि ती सर्वांचीच झाली.

आपल्या देशांतही हैदराबाद येथें तयार झालेली 'न्यूजेनलिब' ही प्रथम विक्रीची असलेली व्यवस्था २००८ सालीं मुक्तस्रोत करण्यांत आली.

मग खर्च नाहींच कीं काय? आहे. शुभवर्तमानांत बुरूज बांधणाऱ्याची गोष्ट आहे. खर्चाचा हिशेब आधीं न करणाऱ्याची तींत काय गत होते, हें आमच्या मुलांस सांगावयास नको. कोहाला परवान्याचे पैसे पडत नाहींत, पण एक चांगला संगणक सदैव चालू लागतो, तो 'लिनक्स'वर चालविणारा माणूस लागतो, आणि नोंदींची नक्कल नियमानें दुसरीकडे ठेवावी लागते. वीज गेली, यंत्र बिघडलें, तर धांव कोणाकडे घ्यावयाची? व्यापारी व्यवस्थेचें खरें मूल्य येथें आहे : शिकविण्यास माणूस येतो, बिघाडास उत्तरदायी कोणी असतो. त्याकरितां दरवर्षीं देखभालीची रक्कम द्यावी लागते, ती शाळेनें पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकांत धरली पाहिजे. कोहाकरितांही पैसे घेऊन अशी सेवा देणाऱ्या कंपन्या भारतांत आहेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

परंतु माझ्या मतें पैशाहूनही मोठा प्रश्न नोंदींचा आहे. पूर्वीं मी ज्या शाळेंत होतों, तेथें अशी एक व्यवस्था विकत घेण्यांत आली. पडद्यावर ती फार सुबक दिसे, आणि निवड करणाऱ्यांत मीही होतों. दोन सुट्ट्या खपून आम्हीं मराठी पुस्तकांचीं नांवें तींत भरलीं. कांहीं वर्षांनीं ती विकणाराचा धंदा बंद पडला. नोंदी बाहेर काढावयास गेलों, तों तशी सोयच नाहीं. खटपट करून काढल्या, तेव्हां सर्व मराठी अक्षरें निरर्थक चिन्हें होऊन बसलीं, कारण तीं युनिकोडांत नसून एका खास फाँटमध्यें टंकिलेलीं होतीं. इंग्रजी पुस्तकें वांचलीं, मराठी गेलीं. करारपत्र वाचतांना मीं हें विचारावयास हवें होतें, विचारिलें नाहीं.

म्हणून यंदां आमच्या समितीनें दोन्ही पक्षांना एकच कसोटी लावावी, असें मीं सुचविलें आहे. मराठीचीं पन्नास पुस्तकें युनिकोडांत भरावीं. 'ज्ञानेश्वरी' व 'श्री ज्ञानेश्वरी' हीं दोन्ही रूपें शोधून पाहावीं. मग सर्व नोंदी मार्क नमुन्यांत बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडाव्या. जी व्यवस्था यांत नापास होईल, ती फुकट असो वा महाग, घेऊं नये. दोन्ही उतरल्या तर माझा कल कोहाकडे आहे, मात्र एका अटीवर : ती सांभाळणारे निदान दोन शिक्षक तयार झाले पाहिजेत. एकच असला आणि त्याची बदली झाली, तर शाळा पुन्हा परावलंबी. दोन न मिळाल्यास मी विकतच्या व्यवस्थेच्या बाजूनें मत देईन, पण नोंदी आमच्या मालकीच्या राहतील व मागतांच सर्वमान्य नमुन्यांत मिळतील, असें करारांत लिहून घेऊन.

परीक्षेचें हें काम मेच्या सुट्टींत होईल. इयत्ता नववीच्या ज्या विद्यार्थ्यांस देवनागरी टंकलेखन येतें, त्यांनीं ग्रंथपालांकडे नांवें द्यावीं. जुनी दाखल-नोंदवही मात्र कपाटांतच राहील, आणि नवीन पुस्तक आलें कीं तींतही शाईनें लिहिलें जाईल.