नायट्राइड अवक्षेप, लोहमिश्रधातूंतील

लोखंडात विरघळलेल्या नायट्रोजनाचा ॲल्युमिनियम, क्रोमियम, व्हॅनेडियम, टिटॅनियम इ. मूलद्रव्यांशी किंवा खुद्द लोहाशी संयोग होऊन धातूच्या अंतर्भागात जे अतिसूक्ष्म घन कण वेगळे होतात, त्यांना नायट्राइड अवक्षेप म्हणतात. त्यांचे आकारमान बहुधा काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मी.) ते काही शतांश मायक्रोमीटर इतके असते. पोलादाची कठिनता, शिणवटारोध व उच्च तापमानातील टिकाऊपणा हे गुणधर्म पुष्कळ अंशी या कणांवर आणि कण व धातू यांच्यामधील आंतरपृष्ठावर अवलंबून असतात.

निर्मिती : नायट्रोजनाचा अणू लहान असल्याने तो लोहाच्या स्फटिकजालकातील फटींत सामावतो. फेराइटात (लोहाच्या काय-केंद्रित घनीय रूपात) त्याची विद्राव्यता सु. ५९०° से.ला वजनी ०·१ टक्क्याच्या आसपास असते. सामान्य तापमानास ती नगण्य होते. त्यामुळे पोलाद थंड होताना जादा नायट्रोजन बाहेर पडू पाहतो. मिश्रधातूत नायट्रोजनाचे आकर्षण असलेली मूलद्रव्ये नसल्यास लोहाचीच नायट्राइडे बनतात. यांपैकी १६ लोह अणूंमागे २ नायट्रोजन अणू असलेल्या अस्थिर नायट्राइडाची संरचना के. एच. जॅक यांनी १९५१ मध्ये निश्चित केली.

जर्मनीत क्रुप कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी १९२० नंतरच्या दशकात विकसित केलेल्या नायट्राइडीकरण प्रक्रियेत पोलाद सु. ५००° ते ५८०° से. तापमानास अमोनिया वायूत ठेवतात. अमोनियाच्या विघटनाने सुटा झालेला नायट्रोजन पृष्ठभागातून आत विसरण पावतो आणि मिश्रक मूलद्रव्यांशी संयोग पावून अवक्षेप बनवितो. दंतचक्रे, भुजादंड (क्रँकशाफ्ट) इ. भागांचे पृष्ठ अशा रीतीने कठीण करतात.

आंतरपृष्ठाची रचना : क्रोमियम, व्हॅनेडियम व टिटॅनियम यांची नायट्राइडे मिठासारख्या घनीय संरचनेची असतात. फेराइटाशी त्यांचा ठराविक दिक्संबंध असतो. तो बेकर व नटिंग यांनी १९५९ मध्ये वर्णन केला : दोन्ही स्फटिकांचे घनपृष्ठ समांतर असते, मात्र नायट्राइडाचा घन त्या पृष्ठात ४५ अंशांनी वळलेला असतो. फेराइटाच्या एकक घनाची बाजू २·८७ आँगस्ट्रॉम, म्हणून त्याच्या पृष्ठाचा कर्ण सु. ४·०५ आँगस्ट्रॉम होतो. क्रोमियम नायट्राइडाची बाजू सु. ४·१४ आँगस्ट्रॉम आहे. म्हणजे या पृष्ठावर दोन्ही जालकांत फक्त सु. २ टक्के तफावत राहते. टिटॅनियम नायट्राइडाच्या बाबतीत ती साडेचार टक्क्यांच्या आसपास असते. पृष्ठाला लंब दिशेने मात्र तफावत सु. ४४ टक्के पडते. यामुळेच अवक्षेप गोळ्याच्या आकाराचे न होता चकतीसारखे पातळ होतात व जुळणाऱ्या पृष्ठावर पसरत जातात.

चकती लहान असताना अणूंच्या रांगा सीमेपलीकडे अखंड चालू राहतात. अशा आंतरपृष्ठास सुसंगत म्हणतात. भोवतालचे लोहजालक त्या वेळी ताणलेले असते. चकती वाढली की हा ताण असह्य होऊन सीमेवर रेषीय दोष उद्‌भवतात, ताण सैल पडतो व सुसंगती भंगते. पुंजयामिकीय गणितांनुसार लोहाचे अणू नायट्रोजन अणूंच्या अगदी समोर येतात तेव्हा सीमेवरील बंध सर्वांत बळकट असतात. नायट्राइडीकरणानंतर केलेल्या रासायनिक विश्लेषणात नायट्राइडे बनण्यास व फेराइटात विरघळण्यास पुरेल त्याहून जास्त नायट्रोजन आढळतो. त्याचा काही भाग चकत्यांच्या पृष्ठांना चिकटलेला असतो व काही ताणलेल्या जालकात जादा विरघळलेला असतो.

अभ्यासाची साधने : एरविन म्यूलर यांनी १९५१ मध्ये क्षेत्र-आयन सूक्ष्मदर्शक बनविला. १९५५ मध्ये त्यांनी व त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादुर यांनी पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्याच्या साहाय्याने टंगस्टनाचे सुटे अणू पाहिले. या उपकरणास उड्डाणकालावरून आयनाचे वस्तुमान ओळखणारी जोड १९६७ मध्ये मिळाली आणि अणु-शलाका हे साधन तयार झाले. त्यात धातूची अत्यंत तीक्ष्ण सुई थंड करून तिला उच्च विद्युत् दाब देतात. विद्युत् किंवा लेसर स्पंदाबरोबर टोकावरील अणू एकेक करून सुटतात. प्रत्येकाचे मूळ स्थान व वस्तुमान नोंदून संगणकाने त्रिमितीय चित्र रचता येते. असे स्थानसंवेदी उपकरण ऑक्सफर्ड येथे १९८८ मध्ये सिद्ध झाले.

या साधनाला मर्यादाही आहेत. सर्व आयन नोंदले जात नाहीत. शिवाय दोन धनभार असलेला लोह आयन (५६ ÷ २) आणि नायट्रोजन रेणूचा एकभारित आयन (१४ + १४) हे दोन्ही २८ या आकड्यावरच दिसतात, म्हणून नायट्रोजनाचे प्रमाण चुकीचे मोजले जाण्याचा संभव असतो. नायट्रोजन-१५ हा समस्थानिक वापरल्यास ही संदिग्धता कमी होते. विपथनदोष दूर केलेले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक १९९८ पासून उपलब्ध झाल्यावर सीमेवरील अणुस्तंभ प्रत्यक्ष दिसू लागले. जड अणू त्यांत ठळक दिसतात. हलक्या नायट्रोजनाचा माग इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जाव्ययावरून काढतात. दोन्ही पद्धतींची फले पडताळून पाहिल्यावरच निष्कर्ष विश्वसनीय ठरतो.

महत्त्व : धातू वाकताना जालकातील स्थानभ्रंश सरकतात. अवक्षेप त्यांना अडवितात आणि कणांमधील अंतर जितके कमी तितका विरोध जास्त, असे ओरोवान यांनी १९४८ मध्ये दाखविले. म्हणून थोडे पण अतिसूक्ष्म व दाट विखुरलेले कण उपकारक ठरतात. तेच नायट्राइड चुकीच्या जागी तयार झाले, तर घातक होते. उदा., जाड ओतीव पोलादात ॲल्युमिनियम नायट्राइड कणसीमांवर साचल्यास पोलाद ठिसूळ होऊन त्या सीमांवरून तडकते.

औष्णिक वीज केंद्रांतील वाफनळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ९ ते १२ टक्के क्रोमियमयुक्त पोलादांत हा प्रश्न विशेष गंभीर आहे. त्यांचा विसर्पणरोध (सतत भाराखाली सावकाश ताणले जाण्यास होणारा विरोध) व्हॅनेडियम व नायोबियम यांच्या सूक्ष्म कार्बोनायट्राइडांवर विसंबतो. परंतु सु. ६००° ते ६५०° से. तापमानास हजारो तासांनंतर त्यांच्या जागी क्रोमियम व व्हॅनेडियम यांचे ‘झेड प्रावस्था’ नावाचे मिश्र नायट्राइड वाढू लागते. त्याचे मोठे, विरळ कण आजूबाजूचे उपयुक्त कण गिळंकृत करतात व अल्पमुदतीच्या चाचण्यांवरून वर्तविलेले आयुष्य प्रत्यक्षात लाभत नाही. क्रोमियम जास्त असल्यास हे रूपांतर जलद होते. म्हणून गंजरोधासाठी क्रोमियम वाढविणे व बळ टिकविणे या दोन उद्दिष्टांत विरोध येतो. कल्पाक्कम येथील आद्यनमुना जलद प्रजनक अणुभट्टीच्या बाष्पजनित्रांसाठी याच गटातील ९ टक्के क्रोमियम व १ टक्का मॉलिब्डेनम असलेले सुधारित पोलाद निवडले आहे. अशा सामग्रीचे आयुष्य दशकांत मोजावयाचे असते, तर तिचे भवितव्य काही अणूंच्या जाडीच्या सीमेवर ठरते. म्हणून अणुपातळीवरील अभ्यास सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक ठरला आहे.