मेटाबोलोमिक्स म्हणजे काय? ऑलिव्हर फीन आणि निनावी रेणूंचा शोध

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी काय बघतो? शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. हे सगळे शरीरातल्या रासायनिक क्रियांमधले छोटे रेणू. शास्त्रज्ञ त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. पण लॅब तेवढेच रेणू मोजते, जेवढे डॉक्टरांनी लिहून दिलेत. नमुन्यात तर असे हजारो असतात! ते शक्य तितके एकदम मोजायचे, म्हणजेच मेटाबोलोमिक्स. या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे जर्मन शास्त्रज्ञ ऑलिव्हर फीन.

सांडपाण्यापासून सुरुवात

फीन मूळचे रसायनशास्त्रज्ञ. बर्लिनमध्ये त्यांनी पीएचडी केली ती कारखान्यांच्या सांडपाण्यावर. सांडपाण्यात काय मिसळलंय हे आधी माहीत नसतं, जे सापडेल ते ओळखावं लागतं. पुढे पोट्सडॅमजवळच्या गोल्ममधल्या मॅक्स प्लांक संस्थेत ते वनस्पतींकडे वळले.

तिथे प्रश्न रेणवीय जीवशास्त्राचा होता: एखादं जनुक बिघडलं तर रोपात नेमकं काय बदलतं? २००० साली फीन आणि सहकाऱ्यांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपाचे चार प्रकार तपासले. दोन वेगवेगळे वाण, आणि प्रत्येक वाणाचं एक जनुक बिघडलेलं रूप. पानांच्या अर्कात तब्बल ३२६ वेगवेगळे पदार्थ मोजता आले. गंमत म्हणजे, एक जनुक बिघडल्याने जेवढा फरक पडला, त्यापेक्षा जास्त फरक त्या दोन वाणांमध्येच होता.

मशीन ओळखतं कसं?

आधी अर्कातले रेणू वाफ होतील अशा रूपात आणतात आणि एका लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक रेणू आपापल्या वेळेला बाहेर पडतो. ही झाली गॅस क्रोमॅटोग्राफी. मग मास स्पेक्ट्रोमीटर त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा करून त्याचे तुकडे करतो आणि त्या तुकड्यांचं वस्तुमान मोजतो. बाहेर पडायची वेळ आणि तुकड्यांचा नमुना, हे दोन्ही मिळून रेणूचा अंगठ्याचा ठसाच म्हणा ना.

पण ठसा मिळाला म्हणजे नाव कळलं असं नाही. पोलिसांकडेही ठसा जुळवायला आधीची नोंद लागते. त्या ३२६ पदार्थांपैकी जवळपास निम्म्यांचीच रचना सांगता आली होती. बाकीचे दिसले, मोजले गेले, पण निनावी राहिले.

उरलेल्या निम्म्यांचं काय?

२००४ मध्ये फीन कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी नोंदींवरच भर दिला. २००९ मध्ये त्यांच्या गटाची 'फीनलिब' ही लायब्ररी प्रसिद्ध झाली. तिच्यात हजाराहून जास्त मेटाबोलाइट्सचे ठसे आहेत. शुद्ध पदार्थ घ्यायचा, मशीनमध्ये घालायचा, ठसा नोंदवायचा आणि पुढचा घ्यायचा. काम कंटाळवाणं वाटेल, पण ते कुणीतरी केल्याशिवाय मशीन कितीही महागडं असलं तरी मुकंच.

आजही अशा चाचण्यांत दिसणाऱ्या संकेतांपैकी बरेचसे निनावीच असतात. त्यामुळे 'एका थेंबात हजारो रेणू तपासतो' अशी जाहिरात दिसली, तर एक प्रश्न नक्की विचारा: दिसले किती ते ठीक, पण त्यातले खात्रीने ओळखले किती?